बैलाचं भाडं, ट्रकचा हप्ता

कोल्हापुरात अजून लॉरी आहे. बाकी मराठी मुलखात हा शब्द केव्हाच मागे पडला. ट्रक आला, टेम्पो आला, आयशर आली, सरकारी कागदावर ‘मालमोटार’ उमटली. कोल्हापुरातल्या गाडीमालकांच्या संघटनेच्या नावात मात्र आजही ‘लॉरी ऑपरेटर्स’ हेच शब्द आहेत, आणि डिझेलची किंवा वाराईची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीची, तक्रार पेटली की वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून लॉरी पुन्हा धावू लागते.

या लॉरीच्या आरसी बुकावर ज्याचं नाव, त्याचंच नाव पुष्कळदा गावच्या सात-बारावरही सापडतं. एकीकडे तीन-चार एकर ऊस, दुसरीकडे दहा चाकं. शेतीला जोडधंदा म्हटलं की सरकारी पुस्तिकांत गाई येतात, कोंबड्या येतात, रेशीम आणि मधमाश्याही येतात. ट्रक येत नाही. भाडं मारणं हा खरं तर इथल्या शेतकऱ्याच्या जुन्यात जुन्या जोडधंद्यांपैकी एक. तेव्हा फक्त इंजिन चारा खायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनचा माल चाकांवर फारसा फिरत नव्हता, तो बैलांच्या पाठीवरून जायचा. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन घाट चढत-उतरत. गाड्या नव्हत्या असं नाही. पण भरीव, जड चाकांच्या त्या गाड्या शेतातला दगड हलवायला ठीक. शंभर मैलांच्या वाटेला त्या बैलांचा जीव घेत. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या हस्ते बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याच्या बाजूची चाकं कोकणात उतरायला लागली. १८३६ च्या सुमारास गेसफर्ड नावाच्या एका इंग्रज लेफ्टनंटाने सोलापूरकडे टेंभुर्णीला सुधारित बैलगाड्या बनवायचं काम सुरू केलं. आरे असलेलं हलकं चाक आणि त्यावर लोखंडी धाव, एवढीच सुधारणा. पण कुणब्याच्या हिशेबात तिने मोठी उलथापालथ केली.

तो हिशेब असा. सुगी आटोपली की पुढचा पाऊस पडेपर्यंत बैलाला काम थोडं. खाणं मात्र रोजचं. दावणीला बसून कडबा खाणारा बैल बाहेर काढला आणि वाटेत त्याच्या वैरणीचा खर्च निघून चार पैसे हातात राहिले, तर ती सगळी कमाईच. त्यामुळे शेतकऱ्याचं भाडं धंदेवाईक वाहतूकदाराला परवडणार नाही इतकं खाली उतरू शकायचं. लमाणांच्या तांड्यांचा धंदा बुडाला तो पुढे रेल्वेमुळे, हे खरंच. पण त्याआधीच या मोसमी गाडीवानांनी तो पोखरला होता. स्वतःचा वेळ, स्वतःची मजुरी, बैलांची झीज यांतलं काहीच ज्याच्या वहीत चढत नाही, त्याच्याशी दरात स्पर्धा करणं कठीण. ही वही पुढे ट्रकच्या काळातही तशीच राहिली, आणि तिथे ती चांगलीच महागात पडली.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली. लांबच्या पल्ल्याचा माल तिने उचलला आणि गाडीवानाला गाव ते स्टेशन एवढी वाट उरली. सह्याद्रीच्या दक्षिण अंगाला मात्र गाडीचं राज्य जास्त टिकलं. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे पोहोचायला १८९१ साल उजाडलं. तोवर कोल्हापूरकडचा गूळ फोंडा, आंबा अशा घाटांनी बैलगाड्यांतून खाली उतरून बंदरांकडे जात असे. येताना गाडी रिकामी आणायची नाही, हा त्या वाटेचा पहिला नियम. मग मीठ, सुकी मासळी, नारळ. रेल्वे आल्यावर शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ तिथे वाढली, तरी कोकणच्या मिठासाठी घाट उतरणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत.

मुंबईत अशा माल वाहणाऱ्या गाडीला ‘खटारा’ म्हणत. त्यात कमीपणा काही नव्हता, ते वस्तूचं साधं नाव होतं. मोटारी आल्या आणि तोच शब्द मोडक्या मोटारीला चिकटला. भाषासुद्धा कधीकधी भाडं बदलते.

मोटारलॉरी या मुलखात दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दिसू लागली; पण ती व्यापाऱ्याची, कंत्राटदाराची किंवा संस्थानिकाची. शेतकऱ्याच्या खळ्यात ती यायला आधी कायदा आणि मग युद्ध यावं लागलं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालगाड्यांचे दोन वर्ग केले. स्वतःचा माल नेणारी ती ‘प्रायव्हेट कॅरियर’, भाड्याने दुसऱ्याचा माल नेणारी ती ‘पब्लिक कॅरियर’. जुन्या ट्रकांच्या कपाळावर रंगवलेली ‘पब्लिक कॅरियर’ ही अक्षरं शोभेची नव्हती. शेतकऱ्याला ही विभागणी फार अडचणीची. स्वतःचा ऊस नेला तर खासगी, त्याच फेरीत चुलत्याच्या चार मोळ्या वर टाकून तेलापुरते पैसे घेतले तर भाडं! बांधाला बांध लागलेल्या गावात ही रेघ कोण कुठे ओढणार? कायद्याने तरी ती पन्नास वर्षं ओढून धरली. १९८८ चा नवा कायदा १९८९ मध्ये लागू झाला, तेव्हा हे दोन्ही वर्ग जाऊन ‘मालवाहू वाहन’ एवढाच एक वर्ग उरला. पाट्या मात्र रंग उडेपर्यंत गाड्यांच्या कपाळावर राहिल्या.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या ‘डिस्पोजल’ मालात फोर्ड, डॉज, शेव्हरोलेचे ट्रक विक्रीला निघाले. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या कित्येक मालगाड्यांचा जन्म असा लष्करी लिलावातला. त्याच सुमारास, १ जून १९४८ ला, पुणे–नगर मार्गावर सरकारी एसटी सुरू झाली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू खासगी मालकांच्या हातून गेली. मालवाहतुकीला मात्र सरकारने तसा हात लावला नाही. लांबच्या पल्ल्याचे परवाने रेल्वेच्या हितासाठी आखडून धरले जात. तालुक्यातल्या तालुक्यात फिरायला तेवढी आडकाठी नव्हती. १९५४ मध्ये टेल्कोने जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझचे ट्रक बांधायला सुरुवात केली. तिकडे कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो निघत होत्या. पुढच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी मिरवणारा तो ट्रक मराठी खेड्यात ‘मर्शिडी’ झाला. १९६९ मध्ये जर्मन करार संपून चांदणीच्या जागी ‘टी’ हे अक्षर आलं, तरी जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडची मर्शिडी काही लगेच गेली नाही.

गाडी मिळायला लागली, तरी तिला नेमाने काम कोण देणार? ते उसाने दिलं.

साखर कारखाने इथे आधीही होते. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि कालव्यांच्या काठाने कारखाने उभे राहिले. नीरेचा डावा कालवा १८८५ चा. त्या पाण्यामागे गेलेल्या सासवडच्या माळ्यांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. पण खासगी कारखान्याचा ऊस बव्हंशी त्याच्याच मळ्यांतला असायचा, काही ठिकाणी तर शेतातून अरुंद रूळ टाकून तो आत आणला जायचा. सहकाराने हे चित्र उलटं केलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या कारखान्याने १९५० च्या शेवटी गाळप सुरू केलं. मागोमाग गोदावरी, कृष्णा, वारणा, पंचगंगा, भीमा यांच्या खोऱ्यांत धुराडी उभी राहिली. आता ऊस हजारो सभासदांच्या एक-एक, दोन-दोन एकरांच्या तुकड्यांत पसरला होता. तिथे रूळ टाकता येत नाहीत. शिवाय ऊस तोडल्या क्षणापासून वजनात आणि साखरेत उतरू लागतो. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे.

सुरुवातीला हे काम पुन्हा बैलानेच उचललं. लोखंडी धावेच्या गाडीवर टनभर, पुढे रबरी टायरची ‘डनलॉप’ गाडी आली तेव्हा दोन-अडीच टन. कारखान्याभोवती पाच-दहा किलोमीटरच्या वर्तुळात ही गाडी अजूनही चालते. बऱ्याच कारखान्यांवर बैलगाड्यांचं आवार आजही वेगळं असतं. कार्यक्षेत्र त्या वर्तुळाबाहेर गेलं, तिथून पुढचा ऊस ट्रकचा. आणि ट्रक घेणारा माणूस कारखान्याला बाहेरून आणावा लागला नाही. तो सभासदांतच होता: ज्याच्याकडे थोडी जास्त जमीन, घरात दोन कर्ते भाऊ, आणि ज्याची पत सोसायटीत चालते असा.

या धंद्याची रचना ज्याने आतून पाहिली नाही, त्याला ती विचित्र वाटेल. पावसाळ्यात कारखाना वाहतूकदाराशी करार करतो. करार गाडीचा, पण त्यात माणसंही येतात. ट्रकमालकाने ऊस वाहायचा एवढंच नव्हे, तो तोडणारी टोळीही त्यानेच आणायची. त्यासाठी कारखाना उचल देतो किंवा आपल्या हमीवर बँकेकडून मालकाच्या नावे कर्ज काढून देतो. ते पैसे घेऊन मालक बीडकडे, बालाघाटच्या डोंगरात जातो आणि मुकादमाला देतो. मुकादम दहा-बारा कोयते जमवतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक त्या गावी जाऊन माणसं, भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरं भरून आणतो. म्हणजे साताऱ्याचा किंवा सांगलीचा एक बागायतदार बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पैसे आगाऊ देऊन आपल्या गाडीला जुंपतो. दोघेही शेतकरीच, दोघांचाही हा जोडधंदाच. एकाच्या जोडधंद्याला ट्रक म्हणतात, दुसऱ्याच्या जोडधंद्याला कोयता.

फडातलं भरणं पाहण्यासारखं असतं, आणि पाहवत नाही असंही. दिवसभर तोडलेल्या उसाच्या मोळ्या फडाच्या कडेला रचलेल्या असतात. ट्रक अंधार पडल्यावर येतो, कारण दुपारी तो कारखान्यावर रिकामा होण्याच्या रांगेत होता. ड्रायव्हर फाळका सोडतो, हौद्याला एक अरुंद फळी तिरकी लावली जाते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि अनवाणी पायांनी फळीवरून चढण. खाली उतरायचं ते उडी मारल्यासारखं, कारण मागचा माणूस फळीवर चढलेला असतो. हौदा भरला की वर आणखी तेवढाच थर, मग दोर, मग क्लीनर वर चढून टाचेने ऊस दाबतो. या क्लीनरला ट्रकच्या दुनियेत ‘किन्नर’ म्हणतात. उजेड हेडलाइटचा किंवा एखाद्या बॅटरीचा. बायका वाढ्यांचे भारे बांधून ठेवतात, ते सकाळी गावात वैरण म्हणून विकायचे. दहा-बारा टन ऊस असा डोक्यावरून चढतो आणि मग ट्रक मऊ रानातून, मागची चाकं फिरवत, चिखलाचा वास मागे सोडत रस्त्याला लागतो.

कारखान्याच्या आवारात नंबर. पुढच्या गाडीचा नंबर आपल्याआधी कसा लागला, यावरून होणारी भांडणं हा हंगामाचा रोजचा कार्यक्रम. गट ऑफिसातून चिटबॉयने दिलेली स्लिप दाखवायची, काट्यावर भरलेलं वजन, मग गव्हाणीशी क्रेन, हौद्यात आधीच अंथरलेल्या वायररोपने अख्खा भारा उचलला जातो, आणि परत काट्यावर रिकामं वजन. दोन वजनांतला फरक म्हणजे ऊस. भाडं टनावर आणि किलोमीटरच्या टप्प्यावर. त्याच स्लिपवर टोळीची तोडणी आणि मुकादमाचं कमिशनही ठरतं. रांगेत गेलेले तास कुणाच्याच खात्यात पडत नाहीत. फडावर टोळी थांबून आणि आवारात गाडी थांबून असते. कारखान्याचं मशीन बंद पडलं तर दोन-दोन दिवस.

गंमत पुढे आहे. उसाचा सरकारी दर, म्हणजे २००९ पासूनची एफआरपी, हा कारखान्याच्या दारातला दर. त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा करून सभासदाच्या हातात पैसे पडतात. बऱ्याच कारखान्यांत हा खर्च सगळ्यांवर सरासरीने पडत आला, म्हणजे शेजारच्या शिवारातला शेतकरी चाळीस किलोमीटरवरच्या उसाचं भाडंही थोडं थोडं भरत आला. ट्रकमालक सभासद असेल तर तो एका खिडकीवर वाहतुकीचं बिल घेतो आणि दुसऱ्या खिडकीवर तेच बिल आपल्या उसातून कापून घेतो. दर वाढावा की वाढू नये, हे त्याने कुठल्या खिडकीवर उभं राहून सांगायचं? शेतकरी संघटनांनी ऊसदराचं आंदोलन पुकारलं की पहिला तडाखा वाहतुकीवर. रस्त्यात गाड्या अडवायच्या, टायरमधली हवा सोडायची. हवा सोडणारा शेतकरी आणि ज्याची हवा सुटली तोही शेतकरी. शिवाय ही हवा ज्या उसाच्या दरासाठी सुटते, तो ऊस त्याच्याही रानात उभा असतो. रात्री दोनला हमरस्त्यावर दहा चाकं सपाट झालेला ट्रक घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला चळवळीबद्दल काय वाटतं, हे त्याला सकाळी विचारावं.

पण या धंद्यातली खरी ठेच आंदोलनाची नाही, उचलीची. मुकादम पैसे घेतो आणि टोळी आणत नाही. किंवा एकाच टोळीवर दोघा-तिघांकडून उचल घेतो. किंवा महिनाभर तोडून टोळी रातोरात निघून जाते. आकडा लाखांत असतो. कर्ज मालकाच्या नावे, गाडी तारण, काही वेळा जमीनही. पोलिसांत फिर्यादी होतात, मालक बीड-जालन्याच्या गावांत शोधत फिरतात, कधीकधी माणूस डांबून ठेवण्यापर्यंत प्रकरण जातं आणि फिर्याद उलटते. मुकादमाचीही एक बाजू आहे. त्याने वाटलेले पैसे घेऊन कोयते पळाले तर तो कुठून आणणार? आणि कोयत्याची बाजू तर सगळ्यांत खालची, कारण त्याने उचल खाल्ली ती घरातल्या आजारपणावर नाहीतर मुलीच्या लग्नावर. साखळीच्या दोन्ही टोकांना शेतकरी असलेला हा व्यवहार बहुतांशी तोंडी विश्वासावर चालतो, आणि विश्वास मोडला की भुर्दंड ज्याच्या नावावर वाहन, त्याला.

ऊस वर्षातून पाच-सहा महिने. उरलेल्या दिवसांचं काय?

बैल त्या दिवसांत नांगराला चालायचा, शेण द्यायचा आणि अगदीच काम नसेल तर दावणीला कमी खायचा. ट्रकचा हप्ता पावसाळ्यातही तेवढाच खातो. भूविकास बँका विहिरीला, मोटारीला, ट्रॅक्टरला कर्ज देत. ट्रकच्या दारात ही उदारता थबकायची. ती जागा दक्षिणेतल्या वित्त कंपन्यांनी भरली. १९५४ ची सुंदरम फायनान्स, १९७९ ची श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स. नव्या गाडीला पैसे नसलेल्या माणसाला जुन्या गाडीवर कर्ज देणं, हा श्रीरामचा मुख्य धंदाच. त्यामुळे ऊसपट्ट्यात पोहोचणारा ट्रक पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा असतो. लांबच्या पल्ल्याला थकलेली गाडी कारखान्याच्या तीस किलोमीटरच्या वाटेला चालून जाते.

हंगाम उलटला की ती जे मिळेल ते वाहते. नाशिककडे कांदा, जुन्नरकडे टोमॅटो, तासगावकडे बेदाणा, खताच्या गोण्या, विटा, वाळू. १९८१ मध्ये मुंबईचा कांदा-बटाटा बाजार शहरातून उठून नवी मुंबईत गेला आणि घाटावरच्या गाड्यांना एक ठरलेलं ठिकाण मिळालं: रात्री निघायचं, पहाटे वाशीत. तिथून परतभाडं मिळालं तर फेरी सुटली. ते मिळवून देणारा माणूस म्हणजे हुंडेकरी. जकातीच्या काळात नाक्यावरची कागदपत्रं सोडवण्यापासून माल जोडून देण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. जकात गेली, नाके ओस पडले, पण गाडीअड्ड्यावरच्या खुर्चीत फोन घेऊन बसलेला हुंडेकरी किंवा त्याचा वारसदार अजून आहे. शेतकरी ट्रकमालकाची इथे नेहमी पंचाईत होते. धंदेवाईक मालकाच्या ओळखी दहा शहरांत असतात. याच्या ओळखी कारखान्यापुरत्या. म्हणून तो परतीच्या वाटेवर पडेल त्या भाड्याला माल भरतो, किंवा पाऊस पडला आणि पेरणी खोळंबली म्हणून रिकामाच घाट चढतो. शेत आणि ट्रक दोन्ही एकाच वेळी हाका मारतात, तेव्हा शेताची हाक त्याला आधी ऐकू येते. वाहतूकदार म्हणून तो तिथे हरतो.

वाराई हा आणखी एक ठसठसणारा विषय. माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीतला एक हिस्सा गाडीवाल्याने द्यायचा, ही बाजारातली जुनी रीत. हमालाच्या पाठीवरचं ओझं आणि त्याची मजुरी यांसाठी बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, आणि ते सगळं रास्तच. गाडीमालकांचं म्हणणं इतकंच की माल व्यापाऱ्याचा, मग मजुरी आमच्याकडून का. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही त्यांची घोषणा. गाडीत स्वतःचाच कांदा असेल, तर शेतकरी या भांडणात दोन्ही बाजूंनी भरतो.

वाळूनेही पुष्कळांना काही वर्षं तारलं. भीमा आणि गोदावरीच्या काठच्या गावांत तर ऊस हा हंगाम आणि वाळू हा बाकीचा धंदा असं चाललं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छोट्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. त्यानंतर सरळ मार्गाने मिळणारं काम आटलं; आडमार्गाचं पुष्कळ उरलं, आणि तहसीलदाराच्या आवारात जप्त ट्रकांच्या रांगा लागल्या. नदी मोकळी झाली असं म्हणण्याचं धाडस नदीकाठचा कुणी करणार नाही.

ट्रकची मक्तेदारी मोडली ती मात्र ट्रॅक्टरने. हिशेब सरळ होता. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हे ‘परिवहन वाहन’ नाही. परवाना नको, कर हलका, कर्ज शेतीच्या दराने. दोन ट्रॉल्या मागे जोडल्या की ट्रकपेक्षा जास्त ऊस, मऊ रानातून स्वतःच्या ताकदीने बाहेर पडण्याची सोय, आणि हंगाम संपला की ट्रॉल्या सोडून नांगर लावायचा. बैलाने जे केलं ते सगळं करणारं हे पहिलं यंत्र! भाड्याने ऊस वाहिला की तो शेतीमाल राहतो की व्यापारी वाहतूक होते, हा १९३९ मधलाच वाद पुन्हा नव्याने उभा राहिला. दोन ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसणं आणि अंधारात त्यावर मोटारसायकल आदळणं, हे मात्र नवीन. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर चिकटवण्याचे कार्यक्रम होतात.

छोट्या गाड्यांची कथा वेगळीच, आणि ती शब्दांत जास्त दिसते. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ मध्ये जर्मन परवान्यावर तीनचाकी बांधायला घेतली. हॅम्बुर्गच्या कंपनीचं ते ‘टेम्पो’ नाव मराठीत इतकं मुरलं की आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच. मग मॅटाडोर, मग १९८६ मध्ये टाटाची चारशे सात, मग आयशर, आणि २००५ मध्ये आलेली टाटाचीच ‘एस’, जिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ करून टाकलं. दीड-दोन एकर भाजीवाल्याला दारात उभी करता आली ती ही गाडी. सकाळी स्वतःची मेथी आणि शेजाऱ्याची कोथिंबीर बाजार समितीत, दुपारी लग्नाच्या खुर्च्या, संध्याकाळी कुणाचं तरी बिऱ्हाड.

आयकराच्या बाबतीत या माणसाची स्थिती मजेदार आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्याच शेतमालाचं भाडं करपात्र. १९९४ पासून दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्यांसाठी अंदाजाने उत्पन्न धरायची सवलत कायद्यात आली. वह्या ठेवायची गरज उरली नाही. पण वहीच नसल्यामुळे ट्रक खरोखर कमावतो की शेतच ट्रकला पोसतं आहे, हे घरातही कुणाला नेमकं ठाऊक नसतं. भुईमुगाचे पैसे टायरला गेले, टायरचे पैसे खताला आले, हप्ता दुधातून भागला. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘चालतंय की.’ १८४० च्या गाडीवानानेही बहुधा हेच सांगितलं असतं. फरक एवढाच की त्याचा बैल जप्त करायला वित्त कंपनीची माणसं येत नव्हती.

बेंदराला कोल्हापूर-सांगलीकडे बैलांची शिंगं रंगतात, अंगावर झूल येते, पुरणपोळी भरवली जाते. ज्या घरात आता बैल उरला नाही, तिथे मातीचा बैल पाटावर पुजतात. ट्रकचा सण दसऱ्याला. कालव्यात धुतलेला ट्रक, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, स्टिअरिंगला हळदकुंकू. दोन्ही सणांत तीन-चार महिन्यांचं अंतर आहे, आणि करारावर सह्या होण्याचे दिवस त्याच्या मधेच येतात.

२०२१-२२ चा हंगाम या सगळ्याचा कस पाहणारा ठरला. पाऊस भरपूर झाला होता, ऊस अफाट वाढला होता, राज्यात १३० कोटी क्विंटलच्या, म्हणजे १३०० लाख टनांच्या वर गाळप झालं आणि तरी मराठवाड्यात मे महिन्यात फड उभेच होते. टोळ्या परत निघाल्या होत्या. लांबच्या कारखान्यांनी हा ऊस न्यावा म्हणून सरकारने पन्नास किलोमीटरच्या पुढच्या वाहतुकीला टनामागे किलोमीटरला पाच रुपये अनुदान जाहीर केलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्यांनी गाड्या धुऊन शेडमध्ये लावल्या होत्या, त्यांतल्या काहींनी त्या पुन्हा बाहेर काढल्या.

मग जूनचा पहिला वळीव झाला. काळ्या रानात भरलेला ट्रक फडाच्या मध्यात कण्यापर्यंत रुतला. चाकाखाली पाचट घातलं, दगड घातले, ट्रॅक्टर आणून दोर लावला, तोही जागीच फिरला. बांधावर छत्री धरून उभ्या असलेल्या मालकाला तिसऱ्यांदा घरून फोन येत होता, की वापसा आलाय, सोयाबीन पेरायचं आहे, आणि बी अजून दुकानातच आहे.